कासवमावशीचा हिरवा ठिपका

एक होता समुद्र. समुद्राला होता किनारा. किनाऱ्यावर होतं बीळ. बिळात राहायचा बुटू खेकडा. एवढास्सा. करंगळीच्या नखाएवढा.

बुटूची होती एक कासवमावशी. मावशीने वाळूत अंडी घातली. मग कासवांची काळजी घेणाऱ्या रुजुताताईने तिच्या पाठीवर एक डबी चिकटवली. मावशी निघाली दूरच्या पाण्यात. सुळुक.

डबी करायची टिक टिक. उंच आकाशातला उपग्रह ते ऐकायचा. तो ताईला सांगायचा. आणि ताईच्या खोपटात, पडद्यावरच्या नकाशात, उमटायचा एक हिरवा ठिपका.

"ही बघ तुझी मावशी," ताई म्हणायची. बुटू रोज बघायचा.

एके सकाळी ठिपका नव्हता. नकाशा नुसता निळा निळा. बुटू हिरमुसून ताईकडे धावला.

"ताई, ताई, ठिपका दे ना."

ताईने पडदा पुसला. पुन्हा पाहिलं. तिचाही चेहरा उतरला.

"उपग्रहाने सांगितल्याशिवाय कसा देऊ, बाळा?"

बुटू निघाला. तिरका तिरका, तुरुतुरु. खडकावर चढला. वर बघितलं.

"उपग्रहदादा, उपग्रहदादा, सांग ना. ताई ठिपका देईना."

"डबी बोलल्याशिवाय कसं सांगू?"

बुटू निघाला. तिरका तिरका, तुरुतुरु. पाण्याकाठी एक शंख होता. बुटू शंखात शिरला. आत समुद्र गुणगुणत होता. हूंऽऽ हूंऽऽ.

"डबी, डबी, बोल ना. उपग्रह सांगेना, ताई ठिपका देईना."

खूप लांबून डबी पुटपुटली, "मावशी वर आल्याशिवाय कशी बोलू? पाण्यात आवाज बुडतो माझा."

"मावशी, मावशी, वर ये ना. डबी बोलेना, उपग्रह सांगेना, ताई ठिपका देईना."

मावशीने जांभई दिली. बुडबुड, बुडबुड.

"ऊन पडल्याशिवाय कशी येऊ रे? पाठ गारठली माझी. खोल खोल आहे मी. कुठे आहे, मलाच कळेना."

बुटू शंखातून बाहेर आला. तिरका तिरका, तुरुतुरु.

"उन्हा, उन्हा, पड ना. मावशी वर येईना, डबी बोलेना, उपग्रह सांगेना, ताई ठिपका देईना."

"ढग हटल्याशिवाय कसं पडू?"

"ढगा, ढगा, हट ना. ऊन पडेना, मावशी वर येईना, डबी बोलेना, उपग्रह सांगेना, ताई ठिपका देईना."

"वाऱ्याने ढकलल्याशिवाय कसा हटू? मला पाय कुठे आहेत?"

वारा झोपला होता सुरूच्या बनात. बुटू निघाला. तिरका तिरका, तुरुतुरु. पाय दुखले. तरी चालला.

"वाऱ्या, वाऱ्या, ऊठ ना. ढग हटेना, ऊन पडेना, मावशी वर येईना, डबी बोलेना, उपग्रह सांगेना, ताई ठिपका देईना."

वारा घोरतच राहिला. घुर्रऽ घुर्रऽ.

बुटूने नांगी उचलली. एवढीश्शी नांगी. वाऱ्याच्या पोटाला हळूच लावली. गुदगुदु, गुदगुदु.

वारा हसला. खुदुखुदु. सूंऽ सूंऽ.

वारा उठला, ढग हटला. ढग हटला, ऊन पडलं. ऊन पडलं, पाणी कोमट झालं. मावशी वर आली, हळूहळू, तरंगत तरंगत. मावशी वर आली, डबी बोलली. टिक. टिक टिक. डबी बोलली, उपग्रहाने सांगितलं.

बुटू पळाला खोपटाकडे. ताई पडद्यासमोरच बसली होती. नकाशा निळा निळा. आणि त्या निळ्यात... हिरवा ठिपका.

"किती लांब गेली गं," बुटू म्हणाला.

"हो," ताई म्हणाली. "पण बरी आहे."

तिने बुटूला तळहातावर घेतलं. ठिपका जरासा पुढे सरकला. मावशी पोहत होती. बुटूने एक डोळा मिटला. मग दुसरा.

ठिपका चालला दूर दूर, बुटू झोपला गाढ गाढ, आणि गोष्ट लागली काठाला.