खळं राखणारा रावबा

कुसवडी गावात रावबा नावाचा एक गडी राहायचा. भोळा, म्हणजे इतका भोळा की कुणी 'जरा थांब' म्हटलं की पुढं काही सांगेपर्यंत तिथंच उभा! बायको मालन मात्र चलाख. संसार तिच्याच जिवावर चालला होता म्हणा ना.

तर काय झालं, गावात सरकारी घरकुलं बांधायची ठरली. चांगली गोष्ट. पण जागा कुठली निवडली? रावबाच्या दारापुढचं गावकीचं खळं! अख्खी आळी तिथं ज्वारी मळायची, मिरच्या वाळवायची. सर्व्हेवाले साहेब आले आणि खळ्याच्या चार कोपऱ्यांत लाकडी खुंटे ठोकून गेले.

मालन तरातरा रावबापुढं येऊन उभी राहिली. "अहो, खळं गेलं तर मळणी काय माझ्या डोक्यावर करायची? जा, खुंटा दिसला की उपटा!"

रावबा निघाला. पायात वहाणा घालतो तोच समोर दिसला दगडूअण्णांचा गोठा. गोठ्यात ओळीनं खुंटे. रावबानं एकूण एक उपटले. बैल सुटले ते थेट गुरुजींच्या कोबीत! दगडूअण्णा काठी घेऊन मागं, रावबा पुढं. खळ्यावरचे खुंटे राहिले जागच्या जागी.

"अरे देवा!" मालननं कपाळाला हात लावला. "दुसऱ्याची वस्तू उपटायच्या आधी मालकाला विचारावं की नाही?"

"विचारीन," रावबा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी साहेब खळ्यावर टेप लावून मापं घेत होते. रावबा अदबीनं पुढं झाला.

"साहेब, हे खुंटे तुमचे?"

"माझे."

"उपटू का?"

"मुळीच नाही!"

"बरं," म्हणून रावबा घरी आला आणि भाकरीला बसला. एका शब्दात काम झालं म्हणून मनातून खूश!

"काय झालं?" मालननं विचारलं.

"साहेब नको म्हणाले."

मालनच्या हातातलं कालवण सांडलं. "अहो, त्यांना काय विचारता? समोर ठाकायचं, हात जोडायचे आणि खणखणीत आवाजात सांगायचं, इथं जागा नाही, पुढं बघा!"

रावबानं ते घोकलं. घोकत घोकत दारात आला, तर दारात कोण? मालनचा थोरला भाऊ! वर्षातून एकदा येणारा, डोक्यावर आंब्यांची पाटी, घामानं निथळलेला. रावबा समोर ठाकला. हात जोडले. खणखणीत आवाजात म्हणाला, "इथं जागा नाही, पुढं बघा!"

भावानं पाटीसकट पाठ फिरवली ती पार एस.टी. थांब्यापर्यंत. मालन पदर खोचून मागं धावली, पण गाडी सुटली होती. आंबेही गेले.

त्या दिवशी मालन खरंच रडली. "माझ्या माहेरच्या माणसाला दारातून हाकललंत! अहो, दारी कुणी आलं की हसून म्हणावं, या, बसा, हे घर तुमचंच समजा!"

बायको रडली की रावबाला फार वाईट वाटायचं. आता हे चुकायचं नाही, असं त्यानं पक्कं ठरवलं.

सकाळी मालन आळीतल्या बायकांना गोळा करायला गेली. सगळ्यांनी मिळून खळ्यावर बसकण मारायची, असा तिचा बेत. ती वळली न वळली तोच दारात साहेब आणि सरपंच हजर.

"रावबा, खळ्यावर घरं नकोत अशी तुमची तक्रार आहे म्हणे?" साहेबांनी विचारलं.

"आहे, साहेब."

"मग बांधायची कुठं? दुसरी जागा तरी सुचवा."

रावबा गोड हसला. "या, बसा, हे घर तुमचंच समजा!"

साहेबांनी सरपंचांकडं बघितलं, सरपंचांनी साहेबांकडं.

"मागं परडंही बरंच मोठं दिसतंय," सरपंच हळूच म्हणाले.

"तेही तुमचंच समजा!"

"नक्की ना, रावबा?"

"नक्की! बायकोनंच सांगितलंय."

मग काय विचारता! खळ्यावरचे खुंटे निघाले. रावबानं टेपचं एक टोक स्वतः धरलं, चुन्याची फक्की मारायला साहेबांच्या माणसाला हात दिला, वर साहेबांना चहाही पाजला.

मालन बायकांचा घोळका घेऊन आली. बघते तर खळं मोकळं! तिला इतका आनंद झाला की तिनं शेजारणीला मिठीच मारली. मग तिची नजर घराकडं गेली. अंगणापासून परड्यापर्यंत पांढऱ्या फक्कीच्या रेघा. एक रेघ तर उंबऱ्यावरून सरळ चुलीपर्यंत.

"अहो, हे काय?"

"खळं वाचलं!" रावबाची छाती फुगली होती. "घरकुलं आता इथं होणार."

"इथं? मग आपण राहायचं कुठं?"

"खळ्यावर बांधू की एक घर," रावबा म्हणाला. "जागा मोकळीच आहे!"