घट्ट धरलेली वायर

मोटारींना नुकते कंप्युटर बसू लागले होते, त्या काळातली गोष्ट. दस्तगीर मिस्त्रीच्या गॅरेजात एक चेपलेली गाडी आली. तिची बॅटरी मुलखाची संशयी. दहा नंबरचा पाना जवळ येताना दिसला, तशी ती आपली वायर घट्ट आवळून बसली.

"बाई, वायर सोड," पाना म्हणाला. "पत्र्याला वेल्डिंग होणार आहे. त्याचा करंट वायरींतून थेट कंप्युटरला जाळेल."

"अस्सं? मी वायर सोडायची, आणि तू मला भंगारात पोचवायचं! तुझ्यासारखे छप्पन पाहिलेत."

पाना दोनदा घसरला. मिस्त्री वैतागला. "मरू दे, दोनच टाके तर मारायचेत," म्हणत त्याने वेल्डिंग सुरू केलं. ठिणग्या उडाल्या, पण बॅटरीची नजर पान्यावरून हलली नाही.

पत्रा नव्यासारखा झाला. मिस्त्रीने चावी फिरवली. गाडीने हूं की चूं केलं नाही.

"कंप्युटरदादा, बघ, वायर सुटू दिली नाही मी!" बॅटरी म्हणाली. "दादा?"

कंप्युटरच्या काळ्या डब्यातून नुसता जळका वास आला.

बॅटरीने पान्याकडे रोखून पाहिलं. "खरं सांग, तूच काहीतरी केलंस ना?"