झाकणावरचं नाव

आधीच माफी मागतो. शाळा नववीत सुटली, त्यामुळे शुद्धलेखन चुकेल, आणि भारी शब्द मला येत नाहीत. हकिगत ऐकली तशी लिहितो.

"बाई, तुमचा शोध खरा आहे का?"

"साखर किती घालू?" तोरसेकरबाईंनी विचारलं.

तन्मय खानझोडे चहाला आला नव्हता. तो पुण्याहून रात्रभर प्रवास करून सावंतवाडीकडच्या त्या गावात उतरला होता, आणि मांडीवरची थंड पेटी त्यानं अजून खाली ठेवली नव्हती.

बाईंचं नाव मोठं. सातविणीच्या सालीतून त्यांनी एक पदार्थ वेगळा केला, हे झालं रसायनाचं काम. सुपारीवर कोळेरोग पाडणारी बुरशी त्या पदार्थानं रोखली जाते हे दाखवलं, ते जीवशास्त्राचं. दोन्हीकडच्या नियतकालिकांत छापून आलं. एका म्यानात दोन तलवारी राहिल्या त्या बाईंच्याच, असं लोक म्हणत.

तन्मयला नेमकं तेच खटकत होतं. दोन्ही विद्या एकटीलाच? त्याची पीएचडी त्या लेखावर उभी होती, आणि त्याच्या प्रयोगांत तसं काहीच दिसत नव्हतं.

"उद्या मी नियतकालिकाला कळवणार आहे. लेख मागे घ्या म्हणून."

"कळव की."

"तुमच्या नावाची माती होईल."

"आणि तुझं नाव होईल." बाई हसल्या. "दाखव, काय आणलंयस."

त्यानं पेटीतून काचेच्या दोन झाकणबंद बश्या काढल्या. दोन्हींत बुरशीचा पांढरा गोल. एका झाकणावर लिहिलं होतं 'औषध', दुसऱ्यावर 'पाणी'.

"माझ्यासमोर मोज. मोठ्यानं."

तन्मयनं पट्टी धरली. औषधाच्या बशीत गोलाच्या कडेला पुसट, कापसासारखी झालर होती. ती त्यानं मापात धरली.

"एकतीस मिलीमीटर."

पाण्याच्या बशीतही झालर होती. तिथं त्यानं दाट भागाशीच पट्टी थांबवली.

"एकतीस. बघा! औषध घाला नाहीतर साधं पाणी, फरक शून्य."

बाईंनी कप पुढ्यात ओढला.

"चहा गार झाला," त्या म्हणाल्या. "चुलीपाशी आगपेटी आहे, तेवढी आण."

बश्या सोडून जायला त्याचं मन होईना. पण सत्तरीच्या बाईला उठा कसं म्हणायचं? तो गेला आणि झटकन परत आला. बाई होत्या तिथंच बसल्या होत्या.

"एकदा परत मोज. म्हाताऱ्या माणसाचं समाधान."

त्यानं मोजलं. 'औषध' लिहिलेली बशी, झालर धरून.

"छत्तीस."

'पाणी' लिहिलेली, झालर सोडून.

"सत्तावीस. म्हणजे तुमच्या औषधानं बुरशी उलट फोफावते..."

तो थांबला. बुरशी काय, आगपेटी आणेपर्यंत वाढते?

"झाकणं बदलली मी," बाई म्हणाल्या.

तन्मय ताडकन उठला. "बदललीत? माझ्या पाठीमागे? मग तुमच्या लेखातही असंच काही बदललं नसेल कशावरून?"

"कशावरूनच नाही."

"म्हणजे?"

"अरे मेल्या, नाव बुडाशी लिहायचं असतं. झाकणं इकडची तिकडे होतात. टोपी बघून माणूस ओळखतोस तू."

त्याचे कान तापले. बश्या तशाच होत्या. पट्टीही तीच. नाव बघून झालर धरली-सोडली होती ती त्यानंच.

"मग औषध चालतं ना, बाई?" त्यानं हळूच विचारलं. "तुमचं खरं?"

"मला काय ठाऊक?"

"तुम्हीच छापलंय!"

"साल मी उकळली. पदार्थ मी काढला. बुरशी मी वाढवली. बश्याही मीच मोजल्या. आणि औषध चालावं असं मला जीव तोडून वाटत होतं." बाईंनी गार चहाचा घोट घेतला. "लोक म्हणाले, वा, सगळं एकटीनं!"



"इतक्या वर्षांत कोणी विचारलं नाही का?"

"तूच पहिला. उगाच नाही साखर जास्त घातली."

तन्मय गावातल्या खानावळीत मुक्कामाला गेला. नियतकालिकाला काय कळवायचं ते त्याच्या मनात तयार होतं. आता त्यातलं एकही वाक्य त्याला आपलं वाटेना. बाईंनी आपल्याला गुंडाळलं तर नाही ना, हा संशयही जाईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं दोन्ही बश्या खानावळवाल्या सुलभाताईंपुढे ठेवल्या. कुठल्या बशीत काय आहे ते सांगितलं.

"मी बाहेर थांबतो. झाकणावरची नावं पुसा, बुडाशी तुमच्या मनाची खूण करा. आणि मी कितीही विचारलं तरी सांगू नका."

"हे कसलं रे व्रत?" सुलभाताई म्हणाल्या. पण केलं त्यांनी.

बश्या घेऊन तो बाईंच्या पडवीत आला. "आता मलाही ठाऊक नाही, कुठली कुठली ते. तुम्हीच मोजा."

बाईंनी पट्टी घेतली, आणि त्याच्याच हातात दिली.

त्यानं पट्टी बशीला लावली आणि परत उचलली.

"भीती वाटते?" बाईंनी विचारलं.

"हो."

"काल वाटली नव्हती. मोज आता."