घाटावर वाचलेली आज्ञा

फार जुनी गोष्ट आहे, लहानांनो आणि थोरांनो. नद्यांवर पूल नव्हते, तेव्हाची.

एका राज्यात एक रुंद नदी होती. अलीकडच्या काठावर गाव होतं आणि पलीकडे पंधरा-वीस घरांची वाडी. लोकांना ये-जा करण्यासाठी राजाने घाटावर एक नाव दिली होती, नावाडी दिला होता आणि देखरेखीला एक कारभारी नेमला होता.

नाव कशी चालवायची, याची आज्ञाही राजाने लिहून दिली होती. ती कारभाऱ्याच्या कचेरीत पेटीत बंद असे. तिच्यात काय लिहिलंय, हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. नाव आली तर लोक बसत. नाही आली तर वाट बघून घरी जात आणि आपल्याच नशिबाला बोल लावत.

त्या गावात येसाई नावाची एक म्हातारी सुईण होती. गावातली आणि वाडीतली निम्मी माणसं तिच्याच हातांवर जन्मली होती. तिचे हात खरबरीत होते, पण बाळाला लागले की मऊ होतात, असं बाया म्हणत.

एका सकाळी पलीकडून हाका आल्या. वाडीतल्या तुळसाला कळा सुरू झाल्या होत्या. तिचं हे पहिलंच बाळंतपण. येसाई बटवा घेऊन घाटावर धावली. पण घाटावर नाव नव्हती. वर नाही, खाली नाही, नजर पोचेल तिथवर कुठेच नाही.

मग येसाई चालत निघाली. वरच्या अंगाला तीन कोसांवर नदीला उतार होता. कंबरभर पाण्यातून, बटवा डोक्यावर धरून, ती पलीकडे गेली आणि पुन्हा तीन कोस चालत वाडीत आली. तोवर दुपार कलली होती.

तुळसा वाचली. बाळ वाचलं नाही. त्याच्या मानेभोवती नाळेचा वेढा बसला होता. असे वेढे येसाईने आजवर कितीतरी वेळा सोडवले होते.

तिने बाळाला पुसलं, धडुत्यात गुंडाळलं आणि तुळसाच्या कुशीत थोडा वेळ ठेवलं. तुळसा रडली नाही. येसाईचं मनगट घट्ट धरून तिने विचारलं, "येसाई, नाव कुठं होती गं?"



दुसऱ्या दिवशी येसाई कचेरीत गेली. म्हणाली, "कारभारी, काल नाव कुठे होती?"

"कामाला गेली होती."

"कुणाच्या?"

"असतात कामं. सगळी तुम्हाला सांगायची का?"

"बरं, नका सांगू. पण राजाची आज्ञा तेवढी वाचून दाखवा. नाव कुणासाठी आहे, कुठे उभी असायला हवी, एवढं कळू द्या."

कारभारी हसला. "येसाई, राजाची आज्ञा पाळायची असते, ऐकायची नसते."

"न ऐकता पाळायची कशी?" येसाईने विचारलं. तिने ते अगदी साधेपणाने विचारलं होतं. पण कारभाऱ्याचं हसू मावळलं. "उद्या या," तो म्हणाला.

ती उद्या आली. तो पुन्हा म्हणाला, "उद्या या." ती परवाही आली आणि कचेरीच्या पायरीवर बसून राहिली.

चौथ्या दिवशी कुंभारीण तिच्याशेजारी येऊन बसली. नाव न आल्यामुळे तिला बापाचं शेवटचं दर्शन मिळालं नव्हतं. पाचव्या दिवशी एक धनगर आला. मग मुलांना शिकवणारे म्हातारे पंतोजी आले. कुणी आरडाओरडा केला नाही. जो येई तो एकच विचारी, "कारभारी, आज्ञेत काय लिहिलंय?"

आठव्या दिवशी कारभारी भडकला. "पायरी अडवून बसलात तर नावच बंद करीन! मग बसा पोहत!"

लोक चरकले. दोघं-तिघं उठून गेले. येसाईही घरी आली. तिने भाकरी थापली, पण ती तशीच झाकून ठेवली. आपल्या हट्टापायी उद्या नाव खरंच बंद झाली तर? वाडीतल्या बायांनी कुणाकडे बघायचं? आपण म्हाताऱ्या बाईने कशाला यात पडायचं?

पण मनगटावर तुळसाची बोटं तिला अजून जाणवत होती.

सकाळी ती जड पावलांनी कचेरीकडे निघाली. पायरीवर आपण एकटीच असू, असं तिला वाटलं होतं. जाऊन बघते तर तिथे चाळीस माणसं बसली होती. पायरीवर जागा उरली नव्हती. कुंभारीण सरकली आणि म्हणाली, "ये, बस."

थोड्या वेळाने घाटाकडून नावाडी आला. त्याच्या मागून, भिंतीला धरत धरत, तुळसा आली. तिच्या अंगात अजून ताकद नव्हती. ती कारभाऱ्यासमोर उभी राहिली.

"माझं बाळ परत येणार नाही, ते मला कळतं," ती म्हणाली. "मी भांडायला आले नाही. त्या दिवशी नाव कुठं असायला हवी होती, तेवढंच सांगा."

कारभाऱ्याने मान वळवली. नावाडी खाली बघत पुटपुटला, "मालक, आता सांगा. नाही तर मला सांगावं लागेल."

तेव्हा येसाई उठली. इतके दिवस ती कारभाऱ्याला 'तुम्ही' म्हणत होती. आता तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"तू पायाळू होतास रे," ती म्हणाली. "पाय आधी आले होते. सगळ्यांनी आशा सोडली होती. पण मी वेळेवर पोचले होते."

कारभारी आत गेला, पेटी उघडली आणि आज्ञा घेऊन बाहेर आला. वाचण्याआधी तो म्हणाला, "नाव माझ्या नव्या घराचे वासे आणायला गेली होती. मीच पाठवली होती."

मग त्याने वाचलं. "नाव सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत घाटावरच राहावी. कारभाऱ्याने ती आपल्या कामाला नेऊ नये. अडलेली बाई, आजारी माणूस आणि त्यांच्याकडे निघालेला वैद्य किंवा सुईण यांना सर्वांआधी, कोणत्याही वेळी, पार करावं."

तो थांबला. पंतोजींनी त्याच्या खांद्यावरून डोकावून पाहिलं. "अजून दोन ओळी आहेत."

कारभाऱ्याने पुढे वाचलं. "ही आज्ञा दर पौर्णिमेला घाटावर सर्वांना मोठ्याने वाचून दाखवावी. नाव लोकांची आहे, म्हणून लोक विचारतील त्याचं उत्तर द्यावं."

त्या ओळी ऐकल्या आणि तुळसा मटकन खाली बसली. इतक्या दिवसांचं रडू तेव्हा बाहेर आलं. येसाईने तिला पोटाशी धरलं. कितीतरी वेळ दोघी तशाच बसून होत्या आणि चाळीस माणसांतलं कुणीही उठलं नाही.

कारभाऱ्याने आपली चूक स्वतःच्या हाताने राजाला लिहून कळवली. राजाने त्याला पदावरून दूर केलं. त्या महिन्यापासून दर पौर्णिमेला आज्ञा घाटावर वाचली जाऊ लागली. कधी पंतोजी वाचत, कधी दुसरं कुणी. ऐकून ऐकून ती गावाला पाठ झाली. नाव घाटावर दिसू लागली.

काही दिवसांनी नवा कारभारी आला. एकदा त्याने नावाड्याला सांगितलं, "नाव सोड. माझे पाहुणे खालच्या गावात थांबलेत, त्यांना घेऊन ये."

घाटावर बांगड्यांची टोपली घेऊन एक कासारीण बसली होती. ती म्हणाली, "कारभारी, नाव घाटावरून हलायची नाही."

"हे तुला कुणी सांगितलं?"

"राजाने," कासारीण म्हणाली. "दर पौर्णिमेला सांगतो."

नव्या कारभाऱ्याने इकडे तिकडे पाहिलं. घाटावरची सगळी माणसं त्याच्याकडे बघत होती. त्याने पाहुण्यांसाठी बैलगाडी पाठवली.

तात्पर्य : जे सर्वांसाठी लिहिलं आहे ते सर्वांनी विचारून जाणून घ्यावं, कारण लोकांना ठाऊक असलेला नियमच लोकांच्या उपयोगी पडतो.