ढकलणाऱ्याचा हॉर्न

"…मग बुवा, यातली कुठली घेऊ?"

केदारबुवा चहात टोस्ट बुडवत होते. बुडवलेला टोस्ट तुटून पडायच्या आत तोंडात घालणं ही त्यांच्या लेखी मोठी साधना होती, आणि त्या वेळी ते कुणाशीही बोलत नसत.

गिरीश शिंत्रे मठाच्या पायरीशी उभा होता. बाहेर पाऊस लागून राहिला होता. पुढच्या पत्र्याखाली दोन मोटरसायकली उभ्या होत्या.

दोन्ही जुन्या, दोन्ही स्वस्तातल्या. त्यातली निळी तालुक्याच्या दुकानातून एका दिवसाच्या बोलीवर आणलेली. रुंद टायर, जाडजूड टाकी, मागची सीट उंच. दुकानदाराने ती अशी घासूनपुसून दिली होती की तिच्या टाकीत बघून भांग पाडता आला असता.

दुसरी युसुफ मुजावरची. दुधाचे कॅन वाहून वाहून तिचा मूळ रंग कुठला ते युसुफलाही आठवत नव्हतं. त्याने आता छोटा टेम्पो घेतला होता, म्हणून ही काढायची होती. तो भिंतीला टेकून निवांत उभा होता. तो गाडी विकायला आलाय असं त्याच्या तोंडावर कुठेच दिसत नव्हतं.

मी मठातला आचारी. माझं काम चहा देणं. पण मठात फुकटचा तमाशा चालू असला की माझा पाय आत निघत नाही, हे बुवांनाही माहीत आहे.

गिरीश बुवांचा जुना शिष्य. चुकूनही चूक करणार नाही असा हुशार, आणि ते त्याला स्वतःलाही पक्कं ठाऊक. प्रत्येक गोष्ट बुवांना विचारायची आणि मग स्वतःच्या मनासारखी करायची, ही त्याची गुरुभक्ती.

यंदा त्याला सड्यावरच्या शाळेत मास्तर म्हणून नेमलं होतं.

सडा म्हणजे आमच्या घाटाच्या माथ्यावरचं पठार. तिथली शाळा धनगरवाड्यातल्या पोरांची. वरचा रस्ता तांबड्या मातीचा, पावसाळ्यात तिथं मास्तर पोचत नाही, मग दसऱ्यापर्यंत शाळेला कुलूप. या पावसाळ्यात पुन्हा तसं झालं तर शाळाच बंद करायची आणि पोरांची नावं खालच्या गावात टाकायची, असा सरकारी हुकूम आला होता. खालच्या गावात जायला मध्ये ओढा. म्हणजे नावं खाली जाणार आणि पोरं वरच राहणार, मेंढरांमागे.

गिरीशने सगळ्यांसमोर शब्द दिला होता. पाऊस असो वारं असो, शाळा रोज उघडेल.

त्या शब्दापायी तो गाडी शोधत होता. सापडेपर्यंत कधी जीप मिळे, कधी चिखल तुडवत चालत जाई, कधी जाणं राहून जाई. आणि एकही गाडी त्याच्या मनाला येत नव्हती.

निळीचं कौतुक त्याने आम्हाला इंजिनापासून दिव्यापर्यंत ऐकवलं. मग युसुफच्या गाडीकडे वळला. सीट फाटकी. टायर बारीक. लेग गार्ड वाकडा. बटण दाबून चालू होत नाही, किक मारावी लागते. त्याने तिचा हॉर्न दाबून पाहिला. घसा बसलेल्या माणसाने खाकरावं तसा आवाज आला.

"हा तर पहिला बदलावा लागेल," तो म्हणाला.

युसुफ नुसता हसला.

बुवांचा टोस्ट संपला.

"तुला कसली गाडी पायजे?" त्यांनी विचारलं.

"मध्येच दगा न देणारी. वाटेत कुणाला हाक मारायची वेळ येता कामा नये. मला कुणाचे उपकार नकोत, बुवा."

"आसं…"

बुवांनी कपाच्या तळाशी उरलेला टोस्टचा गाळ बोटाने पुसून खाल्ला.

"आज वार कुठला रं?"

"बुधवार."

"मग शाळा?"

गिरीश जरा घुटमळला. आज रजा टाकली होती, म्हणाला. गाडी बघायला.

"म्हंजे शाळंत जायाला गाडी पायजे, म्हणून शाळा बुडवली."

युसुफ छताकडे बघू लागला. मी कप उचलायला वाकलो, कारण मला हसू आवरेना.

बुवा उठले. डोक्यावर प्लास्टिकचा कागद बांधला आणि थेट निळीच्या मागच्या सीटवर जाऊन बसले. ती सीट इतकी उंच होती की ते कुंपणावर बसलेल्या कावळ्यासारखे दिसत होते.

बुवांनी जन्मात स्वतःची गाडी घेतली नाही. भजनाला, बारशाला, मर्तिकाला, कुठेही जायचं तर येईल त्याच्या मागे बसून जायचं. ज्याच्या मागं बसतो तो तेवढ्यापुरता आमचा गुरू, असं ते म्हणतात.

"चल, तुझी शाळा दाव," ते म्हणाले.

गिरीशला आनंद झाला. अशा पावसात, अशा चढावर गाडी सिद्ध करून दाखवायची संधी आयती चालून आली होती. त्याने बटण दाबलं आणि निळी गुरगुरत निघाली.

युसुफने किक मारली. चौथ्या की पाचव्या किकला त्याची गाडी जागी झाली. मी तवा उतरवून त्याच्या मागे बसलो. मठाला कुलूप लावायची आमच्याकडे पद्धत नाही.

डांबरी होती तोवर निळी अशी पळाली की आम्हाला फक्त बुवांचा कागद फडफडताना दिसत होता. खरं सांगतो, माझ्याही मनात आलं की हीच घ्यावी पोराने.

मग डांबर संपलं.

धनगरवाड्याखालचा चढ आला. तिथं पावसाळ्यात वरचं सगळं पाणी उतरतं आणि माती लोण्यासारखी होते. आम्ही पोचलो तेव्हा निळीचं मागचं चाक अर्धं आत गेलं होतं आणि जागच्या जागी गरगरत होतं. गिरीशची पाठ चिखलाने भरली होती. मागे बुवा तसेच बसून होते.

"बुवा… जरा उतरता का?"

"मी कशाला? मी गाडी बगायला आलोय."

वरच्या बांधावर पोरं बसली होती. डोक्यावर पानांची इरली, पाय खाली सोडलेले. शाळेला कुलूप म्हटल्यावर दुसरं करणार काय. मास्तरांची गाडी रुतलेली बघून ती धावत खाली आली. एकाने टाकीवर हात ठेवला, दोघं मागून भिडली.

"लांब व्हा," गिरीश ओरडला. "हात लावू नका कुणी. गाडी अजून माझी नाही. ओरखडा गेला तर मला भरून द्यावं लागेल."

पोरं मागे सरली. पुन्हा बांधावर जाऊन बसली.

गिरीश एकटाच ढकलू लागला. निळी जड होती. वर सरकणं सोडा, ती तसूभरही हलली नाही.

बुवांनी वरून विचारलं, "दगा दिला काय रं हिनं?"

गिरीशने पुन्हा जोर लावला.

तेवढ्यात युसुफने बाजूने आमची गाडी घातली, आणि खोटं कशाला सांगू, तीही तिथंच रुतली. मी घोट्याएवढ्या चिखलात उतरलो आणि दोन्ही गाड्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या.

युसुफने मात्र कुणाला हाक मारली नाही. तो बसल्या जागेवरून हॉर्न वाजवू लागला. तोच खाकरणारा.

बांधावर एकदम गलका उठला. पोरं इरली टाकून सुटली. कुणी कॅन अडकवायच्या कडीला धरलं, कुणी सीटला, कुणी मिळेल त्याच्या कमरेला. गाडी हलकी, टायर बारीक. चिखलातून ती निघाली तशी सगळी वरात तिच्यासोबत आरडत ओरडत चढ चढून गेली. माझ्या अंगावर चिखल उडाला, पण त्यांचा आनंद बघून मला रागच येईना.

वर, शाळेच्या दारापाशी, गाडी थांबली. आणि हॉर्न पुन्हा सुरू झाला. एकदा, परत एकदा, परत…

"हे काय चाललंय?" गिरीशने विचारलं.

मी त्याला सांगितलं. ही इथली जुनी रीत. दूधवाल्याची गाडी रुतली की पोरांनी ढकलायची, आणि ढकलणाऱ्याने एकेकदा हॉर्न वाजवायचा. युसुफ पावसाळ्यात रोज इथं रुतायचा. हॉर्नचा घसा उगीच बसलेला नाही.

गिरीश ऐकत राहिला. पावसाचं पाणी त्याच्या नाकावरून ओघळत होतं, ते पुसायचंही त्याला सुचलं नाही.

"तुझीच पोरं न्हवं का ती?" बुवा म्हणाले.

"हो."

"मग बोलाव की."

"…मी आत्ताच त्यांना हाकललंय, बुवा."

"ते मला दिसलं."

बुवा शांतपणे डोक्यावरचा कागद नीट करत बसले.

गिरीशने हँडलकडे हात नेला आणि निळीचा हॉर्न दाबला. मोठा, गोड, शहरी आवाज. त्याचाच त्याला संकोच वाटला असावा, कारण दुसऱ्यांदा त्याने हळूच दाबला.

वरचा गोंधळ थांबला.

एक मुलगी चढ उतरून आली. ठकी झोरे तिचं नाव. बाकीची पोरं वरूनच बघत होती. ती चार हातांवर थांबली. हात तिने पाठीमागे धरले होते.

"गुरुजी, हात लावला तर चालंल?"

गिरीशचा चेहरा पाहवेना. डोळे भरून आले होते ते पावसात खपून गेलं म्हणून बरं.

"लाव," तो म्हणाला. "सगळ्यांना बोलाव."

"आनि हारन?"

"तोही वाजव."

मग काय. सगळी फौज उतरली. जोर लावून लावून पोरांचे चेहरे लाल झाले, पण निळी वर जायला तयार नव्हती. शेवटी ठकीनेच तोडगा काढला. वर जात न्हाई तर खाली न्यायची. चाक मागे सुटलं आणि निळी, तिच्यावर बुवा, भोवती पोरं आणि मागे धरून ओढणारा गिरीश, असे सगळे घसरत घसरत थेट डांबरीपाशी जाऊन थांबले. बुवा इतके हसत होते की त्यांचा कागद उडून ओढ्यात गेला.

निळीवर ओरखडे किती पडले ते कुणी मोजलं नाही. गिरीशनेही नाही. पोरं ओळीने हॉर्न वाजवत होती आणि तो रांग लावत होता.

"आज शाळा हाय व्हय, गुरुजी?" एकाने विचारलं.

गिरीशने खिशात हात घातला. निळीच्या किल्लीसोबत शाळेची किल्लीही हाताला आली.

"आहे," तो म्हणाला.

पोरं चढावर सुटली. या वेळी तो त्यांच्या मागून चालत निघाला, आणि अर्ध्या चढावर दोघा-तिघांनी त्यालाच पाठीमागून ढकलायला सुरुवात केली. त्याने नको म्हटलं नाही. युसुफ खाली येऊन बुवांना मागे बसवून घेऊन गेला. मला कुणी विचारलं नाही, मी आपला चालत.

मी पोचलो तेव्हा कुलूप निघालं होतं. आत ओल्या फरशीवर पोरं बसली होती. रजेच्या दिवशी शाळा भरली होती. सगळ्यांच्या अंगाचा मेंढरांचा आणि मातीचा वास खोलीभर पसरला होता, आणि मला तो आवडला, हे आपलं सांगून टाकतो.

दारात युसुफची गाडी उभी होती. गिरीश बाहेर आला. त्याने त्या फाटक्या सीटवर हात फिरवला, बारीक टायरांना लागलेला चिखल पाहिला. चिखल आपोआप गळून पडत होता.

"बुवा…"

बुवा ओट्यावर बसून धोतराचा सोगा पिळत होते.

"हीच घेऊ ना?"

बुवांनी सोगा झटकला. आत पोरं कसलीतरी कविता मोठ्याने म्हणू लागली होती, आणि ते कान देऊन ऐकत होते.

"घे की," ते म्हणाले. "पन हारन बदलू नगंस."