सिनेटरसाहेबांची सही

अमेरिकेतल्या एका लहानशा गावात हॅरिएट व्हिटकम नावाची लेखिका राहायची. तिच्या नव्या कादंबरीतला सिनेटर लाच खायचा आणि लढाईच्या वेळी लोणच्याच्या पिंपात लपायचा. ते वाचून गावचे खरेखुरे सिनेटर ब्रॅग्डन भडकले. भर गावसभेत ते गरजले, "हा माणूस मीच आहे. जाळून टाका हे पुस्तक."

सिनेटरांचा शब्द गावात कुणी मोडत नसे. तरी हॅरिएट उठली.

"साहेब, मी स्वतः जाळते. फक्त आपल्या सभेचा रिवाज आहे, तक्रार करणाऱ्यानेच पुरावा वाचून दाखवायचा. ज्या पानावर तुम्ही स्वतःला ओळखलंत, तेवढंच वाचा."

सिनेटरांनी एक पान काढलं, तिथे लाच होती. दुसरं काढलं, तिथे पिंप होतं. सभा कान टवकारून बसलेली. शेवटी पुस्तक मिटून ते पुटपुटले, "हा दुसराच कुणीतरी दिसतो."

हॅरिएटचा जीव भांड्यात पडला. तिने लेखणी पुढे केली. "मग पहिल्या पानावर तसं लिहून सही करा, म्हणजे कुणाला शंका नको."

सिनेटरांनी सही केलेली ती प्रत गावच्या वाचनालयात ठेवली गेली. ती सही बघायला लोक तिथे येऊ लागले, आणि आले की पिंपाचं पान वाचूनच जाऊ लागले.