पाचशे आकड्यांची बुडी

पाच बेटांच्या पाच राजांची सभा भरली होती आणि सकाळपासून एकच भांडण चालू होतं. उद्याच्या सामन्यात पाणबुड्यानं किती आकडे मोजेपर्यंत पाण्याखाली राहायचं? एक म्हणाला तीनशे, दुसरा म्हणाला चारशे. यजमान शंखपालराजांनी मिशीला पीळ भरला आणि पाचशे सांगून टाकले. त्याआधी दोर ओढून कोणाला वर काढलं, तर त्या बेटाची बुडीच बंद! पाचांपैकी एकही कधी गुडघ्याच्या वर भिजला नव्हता, त्यामुळे आकडा चढायला काहीच अडचण नव्हती.

पोरांना बुडी शिकवणारी आवडी हे ऐकून धावतच आली. उद्या पहिली बुडी तिच्या नवऱ्याची, धाकूची होती.

"महाराज, कसलेला गडीसुद्धा ऐंशीला वर येतो. आमच्यात दोर मेव्हणा धरतो, कारण बहीण विधवा व्हावी असं कोणाला वाटत नाही. आता माझ्या भावानं हातात दोर धरून माझं कुंकू पुसलेलं बघायचं?"

शंखपाल हट्टाला पेटले. "राजाचा शब्द खाली येत नसतो. सूर्य मावळायच्या आत आम्हा पाचांना ऐंशीवर आणून दाखव. पण पाचशेविरुद्ध एक अक्षर काढायचं नाही."

आवडीनं पाची राजांकडे नीट पाहिलं आणि तिला हसूच फुटलं.

"पाचशे तर पाचशे. फक्त आमची रीत पाळा. जो शिकवतो तो आधी बुडी मारतो. नियम तुमचा, तेव्हा पहिली बुडी तुम्हा पाचांची. मेव्हणे काही सोबत आणले नाहीत, तर प्रत्येकाचा दोर शेजारच्या राजाच्या हाती देऊ."

प्रत्येक राजानं शेजाऱ्याकडे पाहिलं. शेजारी गोड हसत होता.

"चारशे पुरेत," शंखपाल घाईनं म्हणाले.

"दोनशे," दुसरा म्हणाला.

"शंभर. माझा शेजारी मोजता मोजता झोपतो," तिसरा म्हणाला.

"वीस," चौथा कळवळला. "मला पोहता येत नाही."

"विसात आमची पोरं नुसती डोकी भिजवतात," आवडी म्हणाली. "राजांची अब्रू जाईल. ऐंशी म्हणा, तर तुमच्या वतीनं पहिली बुडी मी मारते."

"ऐंशी!" पाची राजे एका सुरात ओरडले. जन्मात पहिल्यांदा त्यांचं एकमत झालं होतं.

शंखपाल हसता हसता लोडावरून घसरले. त्यांनी गळ्यातला मोत्यांचा कंठा काढून पुढे केला.

"हे मोती धाकूनंच काढलेत, महाराज," आवडी म्हणाली. "दुसरं काहीतरी द्या."

मग तर राजे पोट धरून हसले. पाची बेटांच्या बुडीचे नियम यापुढे आवडीनंच करायचे, असं ठरलं आणि पाची राजशिक्के त्यांनी तिच्या ओटीत घातले.